बिनशिंगांचा पोळा

सौ. वहिनीस, धाकट्या दिराचा वाकून नमस्कार.

तुझे गुडघे कसे आहेत? पोरं अभ्यास करतात का? (करत असतील तर काकावर गेली नाहीत, देवाची कृपा.) दादाची प्रकृती विचारत नाही, आवाज आहे म्हणजे प्रकृती असणारच. आणि आपला म्हातारा सरदार अजून दावणीला आहे ना? ट्रॅक्टर घ्यायचं ठरल्यापासून त्या बैलाच्या जिवाची मला धास्ती आहे. मी मजेत आहे. एवढं दादाला मोठ्यांदा वाचून दाखव, पुढचं तुझ्यापुरतं.

इथे परदेशात, लोकांनी टाकून दिलेली म्हातारी जनावरं सांभाळतात आणि मी इथला व्हॉलंटियर. तुम्ही गावभर मोठा हुद्दा म्हणून सांगितलंत (मीच तसं कळवलं होतं), पण आल्यावर समजलं, व्हॉलंटियर म्हणजे जेवण आणि खाट यांवर राबणारा. हेच तर मी घरी करत होतो, त्यासाठी विमानात कशाला बसायचं? बरं, जनावरं सगळी पेन्शनीत. गाढव उन्हात डोळे मिटून, घोडी सावलीत, आणि त्यांची लीद ढकलगाडीत घेऊन पळतोय तो मी.

परवा पोळा झाला. घरी आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे मळायची वेळ आली की मी पसार (दादा हळद-लोण्याची वाटी घेऊन गावभर शोधायचा), पण इथे सकाळपासून चैन पडेना. बैल एकही नाही, म्हणून गाढवाला न्हाऊ घातलं. शिंगं कुठून आणू? कान रंगवायला गेलो. लाथ अशा जागी बसली की हे पत्र उभ्याने लिहितोय.

आरडाओरडा ऐकून इथल्या जनावरांच्या डॉक्टरीणबाई धावत आल्या. मी मोडक्या भाषेत आणि धडधाकट हातांनी समजावलं, की वर्षभर जो आपल्यासाठी राबतो त्याला या दिवशी आंघोळ घालायची, सजवायचं, घास भरवायचा आणि कामाला जुंपायचं नाही. बाईंनी गाढवाकडे पाहिलं, घोडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"पण यांच्यात राबतंय कोण?"

पुढचं सांगायला लाज वाटते. स्वयंपाक्याने माझ्यावर रबरी नळी सोडली. रखवालदाराने गळ्यात कागदी फुलांची माळ घातली आणि झूल म्हणून पाठीवर टेबलावरचं कापड टाकलं. बाईंनी जखमेच्या जांभळ्या औषधाचा टिळा लावला. मग एकेकाने घास भरवला. मी नको नको म्हणत होतो, तोंड मात्र उघडंच. ढकलगाडी दिवसभर बाईंनी ढकलली. वहिनी, दादाने जन्मभर मला बैल म्हटलं, पण बैलाचा मान दिला तो परक्यांनी. डोळ्यांत पाणी आलं (नळीचं).

तुझा,
दुसऱ्या दिवशी पुन्हा जुंपलेला दीर

ता. क. दादाला यातलं काही सांगू नकोस. वर्षभर पुरवून पुरवून हसेल.

आणखी ता. क. सरदारला बाजारात नेऊ देऊ नकोस. इथली जनावरं फाटक वाजलं की मान वळवून बघतात, आपलं कुणी आलं का. मला ते बघवत नाही. मी परत येतो, त्याचं सगळं मी करीन.

शेवटचं. दादा म्हणेल, ट्रॅक्टर असताना दोन-दोन बैल कशाला पोसायचे? त्याला सांग, दुसऱ्याला शिंगं नाहीत, आणि खांदेमळणीला आता तो पळून जाणार नाही.