पाय धुण्यास दुसरी व्यक्ती मिळणेबाबत

प्रति,
मा. श्री. लॅन्सी डाबरे,
सांस्कृतिक कार्यवाह,
प्रवासी मराठी स्नेहमंडळ,
ऊद मेथा, दुबई.

विषय : ‘आपला वारसा’ मेळाव्यातील मेनोनाइट कार्यक्रमाला ‘पाद्यपूजा’ न म्हणणे व त्यासाठी एक व्यक्ती मिळणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचे यापूर्वीचे दोन अर्ज (उत्तर नाही). २) आपण व्हॉट्सअॅपवर पाठवलेली कार्यक्रमपत्रिका.

महोदय,

१. अर्जदार श्रीमती रंभा सोनवणे, माहेर गोंदिया, सासर धमतरी, निवृत्त परिचारिका, हल्ली मुक्काम मुलाकडे, रोल्ला, शारजा. अर्जदार मेनोनाइट पंथाची ख्रिस्ती आहे. हा पंथ हत्यार उचलत नाही, बाप्तिस्मा मोठेपणी समजून-उमजून घेतो आणि पेटीशिवाय चार आवाजांत गातो. आपण वसईचे ख्रिस्ती, तेव्हा यातले निम्मे आपल्याला ठाऊक असेल असे अर्जदाराला वाटले होते. तो अंदाज चुकला.

२. या पंथात प्रभुभोजनानंतर दोघी जणी समोरासमोर बसतात. एक कमरेला टॉवेल बांधून, गुडघे टेकून दुसरीचे पाय धुते, पुसते. मग दुसरी खाली उतरते आणि पहिलीचे धुते. दोघींपैकी कोणी मोठी राहू नये, एवढाच त्याचा अर्थ. पामेला ही अल ऐनची, याच पंथाची नर्स यासाठी बसने रोल्लाला यायची आणि स्वयंपाकघरात, कणकेच्या परातीत, दोघींचे हे होत असे. पामेला मार्चमध्ये वारली. तेव्हापासून अर्जदार आपले पाय आपणच धुते, आणि त्यात काही राम नाही.

३. इथल्या कुणीतरी ही रीत उचलावी म्हणून अर्जदाराने मेळाव्यात अर्धा तास मागितला. चार आवाजांचे गाणे आधीच गळाले, कारण आवाज एकच उरला होता. आपण ढोलकीचा ट्रॅक देऊ केलात, त्याबद्दल आभार. राहिले पाय धुणे. ते पत्रिकेत ‘प्रमुख पाहुण्यांची पाद्यपूजा, गुलाबपाकळ्यांसह’ असे छापून आले. ज्यांचे पाय धुतले त्यांनी उठून अर्जदाराचे धुवायचे असतात, हे फोनवर कळवले. त्यावर, सर खाली कसे बसणार आंटी, तुम्ही धुवा, फोटो होईल, खलास, असे आपण म्हणालात. दुसऱ्या दिवशी गालिचा खराब होईल म्हणून पाण्यालाही मनाई झाली व धुण्याचा अभिनय करावा असे सुचवण्यात आले. अर्जदाराने नोकरीभर रुग्णांचे पाय खरोखर धुतले आहेत. तिला अभिनय येत नाही.

४. घरातच माणूस असताना मंडळाला त्रास का, असे आपण विचाराल. नात टेसाला विचारले, तर ती ‘आजी, दॅट्स सो ऑकवर्ड’ म्हणून खोलीत निघून गेली. पोरीवर राग नाही. वाईट मात्र वाटले, ते लपवण्यात अर्थ नाही. शिवाय अर्जदाराचे गुडघे फार काळ वाकणारे नाहीत, असे डॉक्टर म्हणतात. पुढच्या वर्षी बघू, इन्शाल्ला, असे आपण म्हणता तेव्हा हे ध्यानात घ्यावे.

५. सबब विनंती की, ‘पाद्यपूजा’ हा शब्द खोडावा आणि मंडळातून एक बाई द्यावी. ती मेनोनाइटच हवी असे नाही, ख्रिस्ती नसली तरी चालेल. हॉल झाडायला येणारी चालेल, अध्यक्षांची पत्नी चालेल. मंच नको, हॉलमागची मोरी पुरे. आधी अर्जदार तिचे धुईल.

तशी कोणी मिळेल असे अर्जदाराला वाटत नाही. न मिळाल्यास ती ठरल्या वेळी येईल आणि पाहुण्यांचे पाय, आपण म्हणाल तर पाण्याशिवाय, धुईल. मात्र त्यानंतर, रीत म्हणून, ती समोरच्या खुर्चीत चपला काढून बसेल. सूत्रसंचालकांनी खुशाल पुढचा कार्यक्रम पुकारावा. तिला उठवायला कोणी आले तर ती उठेल.

फारशी आशा न ठेवता, तरीही आपली नम्र,

(सही)
रंभा सोनवणे
स्थळ : रोल्ला, शारजा
दिनांक : ३ नोव्हेंबर २०२५

सोबत :
१) कार्यक्रमपत्रिकेची प्रत.
२) टॉवेल, दोन. एक अर्जदाराचा. दुसरा पामेलाचा, धुऊन इस्त्री केलेला. वापर न झाल्यास तसाच परत मिळावा.