भलत्याच पुस्तकाचा शेवट

सोमवार, ३ मार्च. सकाळचे सव्वासात. कोऱ्या कागदावर पेन्सिलीने ओळी आखून लिहितो आहे.

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि. इकडे मामा-मामी ठीक आहेत. मामांच्या चष्म्याची काडी पुन्हा तुटली, त्यांनी ती पुन्हा दोऱ्याने बांधली. नवा घ्या म्हटलं तर म्हणाले, दिसतंय ना, मग झालं.

बाबांच्या पत्राला मी काल उत्तर टाकलं. आधी तुला कळवायला हवं होतं, पण धीर झाला नाही. वाचनालयाची नोकरी सोडून कायमचा घरी ये, घड्याळांच्या दुकानात माझ्या शेजारी बस, असं त्यांनी लिहिलं होतं. आई गेली तेव्हा तू दोन वर्षांचा होतास म्हणून मामांकडे ठेवावं लागलं, हेही लिहिलं होतं, जणू मला ठाऊकच नाही. मी येत नाही, एवढंच कळवलं.

आठवडाभर झोप नव्हती. आमच्या बांधणीच्या खोलीत फारशा कुणी न नेलेल्या जुन्या कादंबऱ्या दुरुस्तीला येतात. शिवून झाल्या की मी त्या वाचतो. शाळा नववीत सुटली, त्यामुळे ओळीवर बोट ठेवावं लागतं. त्यातली एक सोबत पाठवतो. दीपगृहवाल्याच्या घरी वाढलेला एक माणूस तिशीत खऱ्या बापाला शोधायला निघतो. आपण असे झालो ते कुणामुळे, हाच त्याचा पुस्तकभर घोर आहे. शेवटी तो बापाच्या दारापर्यंत जातो आणि दार न वाजवता माघारी फिरतो. मला वाटलं, हा मीच. त्याच दिवशी उत्तर लिहिलं.

शेवट जरा अवघड आहे. त्याचा काळा कोट एकदम करडा होतो. माणूस आतून बदलला, असं सुचवायचं असावं.

रागावलीस तर चार ओळी जास्त लिही, पण लोभ कमी करू नकोस.
तुझा,
बारकू

११ मार्च

चि. बारकूस,
अनेक आशीर्वाद. बाबांनी तुझं पत्र वाचलं, घडी घातली आणि समोर एकही घड्याळ नसताना भिंग डोळ्याला लावून बसले. 

दुसऱ्या दिवशी त्यांनी तुझं पुस्तक मागितलं. घड्याळाच्या हमीपत्रापलीकडे ज्यांनी कधी काही वाचलं नाही, त्यांनी चार संध्याकाळी बसून कादंबरी संपवली. मग मी घेतली. अरे शहाण्या, शेवटची सोळा पानं त्या पुस्तकाची नाहीतच! नुसता कोट कसला, तळमजल्यावर राहणारा बाप तिसऱ्या मजल्यावर जातो आणि तुझ्या त्या माणसाला मध्येच बायको फुटते. म्हणे आतून बदलला! बायकोही आतूनच आली का? बांधणी करतोस ना तू? स्वतः शिवलेलं तुला कळू नये?

हसून झाल्यावर मात्र मला वाईट वाटलं. बाबांनी मला विचारलं की, इतक्या लांब आला तर त्याने दार का नाही वाजवलं, त्या बापाचं काही चुकलं होतं का.  पानांचं अजून त्यांच्याकडे बोललेली नाही. चुकीची पानं वाचून तू नाही म्हणाला असशील, तर अजून वेळ गेलेली नाही. त्यांनी शेजारची खुर्ची कुणाला दिलेली नाही. मला बरं वाटावं म्हणून हो म्हणू नकोस, पण काय ते लवकर कळव.

मामा-मामींना नमस्कार. माया आहेच, ती मागावी लागत नाही.
तुझी ताई

१७ मार्च. दुपारची सुटी. खोलीत मी एकटाच आहे.

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि. तुझं पत्र वाचलं आणि चूक कुठे झाली ते आठवलं. त्या दिवशी टेबलावर दोन कादंबऱ्या उसवलेल्या होत्या. आकार एक, शेवटचा फर्मा, म्हणजे घडी घालून एकत्र शिवायचा जुडगा, दोन्हींत सोळा पानांचा, पानांवरचे आकडेही तेच. दोन्हींत माणसाला नाव नाही, नुसता 'तो'. मी एकाचा फर्मा दुसऱ्याला शिवला. आमचे मुख्य बांधणीवाले म्हणाले की, अशी चूक त्यांनी पाहिली आहे, पण ती वाचून वर डोळ्यांत पाणी आणणारा पहिलाच पाहिला.

दुसरं पुस्तक उसवून खरा शेवट काढला. त्यात तो दार वाजवतो. बाप उघडतो. दोघं अंधार पडेपर्यंत बसतात, फारसं बोलत नाहीत. पुढे तो तिथे राहतो की दीपगृहावर परततो, हे लेखकाने लिहिलेलंच नाही. म्हणजे ते मलाच ठरवणं आलं.

मामांना विचारलं. जायचं तर जा, आमच्या तोंडाकडे बघून ठरवू नकोस, असं म्हणाले. माळ्यावरची बॅग त्यांनी कधीच खाली काढून पुसून ठेवली होती. ते बघून मी मोरीत जाऊन उगाच तोंड धुतलं.

मी इथेच राहतो, ताई. कागदाची कड मी चाचपतो ती मामांसारखी, राग आला की गप्प बसतो तेही मामांसारखा. बारीकशी चूक दिसली की जीव कासावीस होतो, ते मात्र बाबांचं असणार. या घरात दुसऱ्या कुणाला तसं होत नाही. पण 'येत नाही' एवढंच लिहिलं, त्यात भेटायलाही येणार नाही असं झालं. ते वागणं माझं नव्हतं. पुस्तकातल्या माणसाचं होतं, तेही भलत्याच.

सोबत खरा फर्मा आहे. बाबांना वाचायला दे आणि त्या बापाचं काही चुकलं नव्हतं, असं सांग. दुकानाबद्दलचं मी स्वतः त्यांच्यासमोर बसून सांगेन. चिठ्ठीत नाही.

शनिवारी दुपारच्या गाडीने येतो. दोघांनीही लोभ राखावा, आणि दार आधीपासून उघडून ठेवू नका. मला ते वाजवायचं आहे.
तुझा,
बारकू