गौरींपुढची समई

पुणे, ५ ऑगस्ट २०२५

ती. आत्याआजीस,
स्वरालीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि ही गोष्ट ओरडून विचारण्यासारखी नाही, म्हणून पत्र. काल फिल्म क्लबात जर्मन थरारपट पाहिला. एक पोलीसबाई खुनाचा माग काढत आपल्याच आजोबांच्या माळ्यावर पोहोचते. तिथे छळछावणीत मारलेल्या ज्यू शेजाऱ्यांच्या वस्तू, आणि त्यांत त्यांच्या सणाची नऊ दिव्यांची समई. अहो, थेट आपल्या गौरींपुढे लावतो तशी! मला मान वर करवेना.

बाबा म्हणतात, पणजोबांना आपली समई जर्मन डॉक्टरीणबाईंनी भेट दिली, उगाच कोळसा उगाळू नकोस. खरंच भेट होती का? रागावलात तरी लोभ असू द्या.

आपली,
स्वराली

नाशिक, ११ ऑगस्ट

चि. स्वरालीस अनेक आशीर्वाद.

तुझ्या बापाला काय ठाऊक! भेट नव्हे, ठेव होती. हिटलरच्या तावडीतून सुटून बाई पुण्यात आल्या, तर लढाईत इंग्रजांनी त्यांनाच जर्मन म्हणून पुरंदरला डांबलं. जाताना त्यांच्या आईची ही समई माझ्या वडिलांकडे, दादांकडे, ठेवून गेल्या. माझ्या आईने ती एकदा गौरींपुढे लावली, आणि मग परत द्यायचं जिवावर आलं. इतकंच.

लढाई संपल्यावर बाई न्यायला आल्या. तिकडचं कुणीच उरलं नाही म्हणाल्या. दादांनी सांगितलं, चोरीला गेली. समई पेटीत होती आणि पेटीवर मला बसवलं होतं. नऊ वर्षांची होते. बाईंनी माझा घसा तपासला, गालावरून हात फिरवला, पेपरमिंट दिलं. मी ते खाल्लं गं! लाज वाटते.

यंदा ती गौरींपुढे नको. पुण्याच्या कॅम्पात ज्यूंचं लाल देऊळ आहे, तिथे दे. भेट म्हणू नकोस. तुझा लोभ उरला असेल तर कळव.

सरोजिनी

पुणे, १९ ऑगस्ट

ती. आत्याआजीस,
शि. सा. न. वि. वि.

लोभ आहे हो. रिक्षात बाबाच समई मांडीवर घेऊन बसले. लाल देवळातल्या आजोबांनी आमचे आभार मानले, तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग वही पुढे करून मूळ मालकिणीचं नाव विचारलं. तेवढी जागा कोरी सोडून आलोय. नाव लगेच कळवा. तब्येत सांभाळा, आमच्यासाठी तरी.

आपली,
स्वराली

नाशिक, २५ ऑगस्ट

चि. स्वरालीस आशीर्वाद.

तीन दिवस आठवते आहे. नाव मला माहीतच नाही. घरात कुणी कधी विचारलं नाही, जर्मनीणबाई म्हणायचो. त्यांना मात्र आम्हा सातही भावंडांची नावं पाठ होती.

सरोजिनी