येडबाचा प्रश्न

शनि. ८ नोव्हें.
ऑफिसातले अकरा जण मिळून शाहीर भिवाजींवरचा सिनेमा पाहून आलो. त्यांच्या कलापथकात माझे वडील, दादा, नऊ वर्षं टुणटुणं घेऊन मागे उभे राहिले. शाहीर गाणार, दादा ओळ उचलणार, मध्येच एखादा वेडगळ प्रश्न विचारणार आणि त्याचं उत्तर म्हणून शाहिरांचं पुढचं गाणं. स्टेजवरचं दादांचं नाव येडबा.
सिनेमात तेच नाव ठेवलंय. हा येडबा दारुडा. धोतर सुटतं, शाहिरांच्या मयतीलाही झिंगून येतो. दादांनी कधी दारूला हात लावला नाही. थिएटर हसून लोळत होतं.
मी तीनदा हसले. पहिल्यांदा आपोआप, असं लिहिणार होते. खरं नाही ते. केतकी (माझी टीम लीड) माझ्याकडे वळून हसली, म्हणून हसले.
इंटरव्हलला ती म्हणाली, "तुमच्याच साइडचे ना गं हे शाहीर? घरी कुणी ओळखायचं का?"
म्हटलं, "नाही. नुसतं ऐकून माहीत."

सोम. १०
ऑफिसात येडबाची साथ आलीये. कुणाकडून कॉफी सांडली की "काय रे येडबा". रोहन झिंगल्यासारखा चालत प्रिंटरपाशी येतो, "शाहीर, माझं धोतर कुठंय?" सगळ्या मजल्याला पाठ. ग्रुपवर स्टिकर आला. मी हसरा चेहरा टाकला. काढायला पुन्हा उघडलं तर केतकीने पाहिलेला. राहू दिला.

बुध. १२
दादांना कळलं. भाजीवाल्याने सांगितलं.
"शाहीरबाबावर पिक्चर आलाय म्हनं. जाऊ की दोघं."
"तिकिटं संपलीत दादा."
"येवढी गर्दी? बाबाला?"
आणि कितीतरी वेळ एकटेच हसत बसले. मी खोटं बोलले ते एक. त्या खोट्याने दादा खूश झाले, ते जास्त लागलं.

शुक्र. १४
२२ला फॅमिली डे, तळवड्याच्या ऑफिसातच. घरच्यांना आणायचंय. स्किट येडबावर. केतकी म्हणाली, "तू लिही ना, तुझं मराठी आमच्यापेक्षा कितीतरी बरंय."
हो म्हणाले. नाही म्हटलं असतं तर कारण द्यावं लागलं असतं.
तासाभरात चार पानं झाली. येडबा कसा बोलेल, याचा विचारच करावा लागला नाही. घरात पहिली शिकलेली मी, आणि त्या शिक्षणाचं हे केलं. रोहनला पाठवलंसुद्धा.

रवि. १६
दादा शेजारच्या काकांबरोबर बसने जाऊन सिनेमा पाहून आले. जेवताना म्हणाले, "लोक लई हसले."
"तुम्हाला राग नाही आला?"
"हसवायलाच हुबा ऱ्हायचो की मी. दारूचं खोटं हाय, पर बाबा बी नटाला म्हनायचा, जरा जास्त कर."
भाकरी मोडली, खाल्ली नाही.
"माझा प्रश्न मातर बाबाच्या तोंडी घातला."
"कुठला?"
"इहिरीचा."
मला तो प्रसंग आठवला. पडद्यावर शाहीर पाटलासमोर उभे राहून विचारतात, "विहीर खांदली आमच्या बापानं, मग पाणी लागल्यावर ती तुमची कशी झाली?" थिएटर एकदम गप्प झालं होतं. मग टाळ्या. मीही वाजवल्या.
दादांनी सांगितलं, तो प्रश्न त्यांचा. स्वतः रचलेला. नऊ वर्षं गावोगाव येडबाने तो विचारला, आणि शाहीर लोकांकडे वळून म्हणायचे, "अन् ह्याला तुम्ही येडा म्हणता?"
मला माहीत नव्हतं. मी कधी विचारलंच नाही. दादा चाकणला कारखान्यात प्रेस मशीनवर लागले, टुणटुणं माळ्यावर गेलं, तेव्हा मी चौथीत होते. ते काय वाजवायचे हे मैत्रिणींना कळू नये, एवढीच तेव्हा काळजी.
"तू कवा बगनार?" म्हणाले.
म्हटलं, "बघू."

गुरु. २०
सकाळी दादांना सांगितलं. सिनेमा पाहिलाय, हसले, स्किट मी लिहिलंय. केतकीला इंटरव्हलमध्ये काय म्हणाले ते राहिलं. तेच मुख्य होतं.
दादा रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "वाच."
वाचलं. मध्येच थांबवून म्हणाले, "धोतराचं दोनदा नको. येकदा हसतेत, दुसऱ्यांदा कीव करतेत." पुढे एका जागी खरंच हसले. कशाला हसले ते विचारायची हिंमत झाली नाही.
संपल्यावर, "प्रश्न न्हाई ह्याच्यात."
"नाही."
"मग येडबा कशाला लागतो?"
ऑफिसात जाऊन विहिरीचा प्रश्न घातला, नवीन कागद रोहनला पाठवला. त्याचं उत्तर, "मस्तंय, पण हे जरा सिरियस होतंय गं. कापू का?" खाली केतकी, "फॅमिली डे आहे यार, कापा."
कापू नका, असं टाइप केलं. का, ते विचारतील. पुसलं.

शनि. २२, सकाळ
दादा आठपासून तयार होऊन बसलेत. निघायचं दहाला. रात्रीपासून केतकीचा "कापा"वाला मेसेज उघडते आणि बंद करते.
मघाशी विचारलं, "येडबा कोन करनार?"
"रोहन म्हणून आहे एक."
"त्याला ठावं हाय का?"
"काय?"
"येडबा जित्ता हाय ते."
"नाही."
"तुझ्या म्याडमला?"
"नाही, दादा."
मान हलवली, जणू ठाऊकच होतं. मग चपला घातल्या. मी अजून आतच, वही घेऊन. दारातून म्हणाले, "ऊठ. उशीर नको. काय सांगायचं ते तितं गेल्यावर सांग. मी हायेच बाजूला."