विलायती ओवा कोणी लावला

बाबा, काल दादाच्या मुलाने जेवणाच्या पंगतीत ती गोष्ट पुन्हा सांगितली आणि मी हातातला घास ताटात ठेवून उठले. त्याचे वडील लहानपणी मोहर्लीच्या जंगलात विलायती ओवा लावायचे, त्यांच्या हाताचा गुण पाहून बाईसाहेबांनी त्यांना नागपूरला शिकायला नेलं, अशी ती गोष्ट. त्या घरात ती आता कहाणीसारखी सांगतात. तुम्हाला जाऊन कितीतरी वर्षं झाली, दादाही गेला. पण ती गोष्ट पहिल्यांदा सांगणारे तुम्ही, म्हणून तुम्हालाच लिहिते.

तुम्ही जंगलखात्याच्या बंगल्यावर माळी होता. साहेबांच्या बायकोने, त्यांना आपण बाईसाहेब म्हणायचो, थाइम नावाच्या झुडपाचं बी मागवलं होतं. साहेबांच्या सूपमध्ये घालायचा पाला तो. चुरगळला की ओव्यासारखा वास, म्हणून आपण त्याला विलायती ओवा म्हणू लागलो. बी खसखशीएवढं. तुम्ही ते हरभऱ्यासारखं खोल पुरलं आणि वरून झारीने पाणी ओतलं. काही उगवलं नाही. पुन्हा पेरलं, पुन्हा तेच. बाईसाहेब रागावल्या, त्या दिवशी उरलेली पुडी तुम्ही माझ्यापुढे टाकलीत. "घे, खेळ याच्यासंग."

मी खेळले नाही. नाल्याची रेती चाळून आणली, बांबूखालची कुजलेली पानं तिच्यात कुस्करली, डालड्याच्या डब्यांना खिळ्याने भोकं पाडली. रांगोळी सोडतात तसं चिमटीतून बी सोडलं आणि तळव्याने नुसतं दाबलं, वर माती घातलीच नाही. थंडीचे दिवस होते. एका सकाळी डब्यात शेवाळ धरल्यासारखं दिसलं, वाकून पाहिलं तर इवलाली पानं. उन्हाळ्यात रोपं करपायला लागली तेव्हा त्यांचे कोवळे शेंडे खुडले, खालची पानं काढली आणि रांजणाजवळच्या सावलीत ओल्या रेतीत खोचले. बरेचसे जगले. पावसाळ्यात डबे पडवीत ओढून घेतले, कारण याला फार पाणी सोसत नाही हे तोवर मला कळलं होतं. आई म्हणायची, "पोरगी डब्यायसंग बोलून राह्यली." दादा तिकडे फिरकायचाही नाही. त्याचा जीव तलावातल्या मासोळ्यांत.

आणि मग तो दिवस. साहेबांची बदली नागपूरला झाली आहे. बाईसाहेब आपल्या पडवीत उभ्या आहेत, एक काडी चुरगळून नाकाशी धरतात. मी बादली घेऊन तुमच्या मागे उभी आहे.

"हे तुमच्या कोणत्या लेकराने वाढवलं, माळीबुवा?"

"काऊन जी, बाईसाहेब?"

"ज्याने वाढवलं ते मूल मी बरोबर नेते. आमच्याकडे राहील, शाळेत जाईल, कुंड्यांकडे पाहील."

तुम्ही मागे वळून माझ्याकडे पाहिलंत. मी हसले होते, बाबा. तुम्ही पुन्हा पुढे पाहिलंत. "माह्या पोरानं लावलं जी. पोरगी नुसती पानी टाकते."

संध्याकाळी दादा म्हणाला, "मी बाईसाहेबाले सांगून येतो. मले तं त्याचं नावबी घेता येत नाई." तुम्ही त्याच्या कानाखाली वाजवलीत. मग माझ्याकडे वळलात. "त्याले शिकवून दे. पोरीच्या जातीले परक्याच्या घरी कोन धाडते?" मी शिकवलं. तो मान खाली घालून ऐकत राहिला.

धाडायचं नव्हतं तर नाही म्हणायचं होतं. तेवढा तुमचा अधिकार होता. मी रडले असते, चार दिवस जेवले नसते, आणि कधीतरी विसरलेही असते. पोरीची काळजी कोणत्या बापाला नसते? पण तुम्ही माझं काम उचलून त्याच्या नावावर घातलंत, तेही मी हाताच्या अंतरावर उभी असताना.

नागपूरच्या पहिल्याच पावसाळ्यात दादाची सगळी रोपं कुजली. कोणी त्याला जाब विचारला नाही. तोवर तो शाळेत रुळला होता, पुढे कारकून झाला. मी चौथीवर थांबले आणि लग्न होऊन सिंदेवाहीकडे धानाच्या बांध्यांत राबायला गेले. आम्ही भेटायचो तेव्हा तो नजर चुकवायचा. सख्खी भावंडं, पण शेवटपर्यंत मोकळं बोललो नाही. ही वाटणीही तुम्हीच केलीत.

मी सासरी निघाले तेव्हा तुम्ही मला गोठ्यामागे नेलंत. म्हणालात, "तुह्या हाताले गुन आहे वं, माय." तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात, आणि मला तो झटकून टाकावासा वाटला. म्हणजे तुम्हाला सगळं ठाऊक होतं. त्या पडवीत, ऐकणारं माणूस समोर उभं असताना, हे बोल कुठे गेले होते? गोठ्यामागे ते ऐकून मी काय करायचं होतं?

काल पंगतीतून उठले तरी कोणाला काही बोलले नाही. माझी मुलं विचारतात, आजोबा कसे होते? मी सांगते, फार मायाळू होते, मला खांद्यावर बसवून तलावावर न्यायचे. तेही खरंच आहे. हा कागद मी चुलीत घालणार आहे. मुलांच्या हाती लागला तर तुमच्याविषयी ती वाईट बोलतील, आणि ते मला ऐकवणार नाही.