ओकची आरामखुर्ची विकणे आहे

प्रिय एस्किल,

इतक्या वर्षांनी माझं अक्षर पाहून दचकू नकोस. गुडघे सोडले तर मी धडधाकट आहे. जिना झेपत नाही, म्हणून महिनाअखेरीस बंदराजवळच्या एका खोलीत राहायला जातेय. तू केलेली आरामखुर्ची तिथे मावायची नाही असं सगळ्यांना सांगून मी पेपरात फोटोसकट जाहिरात दिली. शेजारची बोडिल म्हणाली, "रॅग्ना, डोकंबिकं फिरलंय का तुझं? असल्या जुन्या खुर्च्यांवर लोक जीव टाकतात हल्ली!"

आठवतं? वसंत आला की आपण ती अंगणात काढायचो. मी कोमट पाण्यात साबणाचा कीस विरघळवून फडकं घेऊन बसायचे आणि तू चिडायचास, "अगं, लाकूड आहे ते, चादरी धुतल्यासारखं काय धुतेस? तेल लाव, तेल!" तेलानं ओक काळवंडतो, माझ्या आईनं जन्मभर साबणच लावला, असं मी ठणकावायचे. कॉफी निवून जायची, भांडण निवायचं नाही. मग तुला ओल्बॉर्गच्या गोदीत काम मिळालं आणि इकडे आईनं अंथरूण धरलं. तू म्हणालास चल, मी म्हणाले थांब. हट्टात कोण कुणाला हार जाणार! तुझं लग्न झाल्याचं कळलं. गेल्या वर्षी तुझी बायको कारेन गेल्याचंही पेपरात वाचलं. दोन ओळी लिहाव्यात असं फार वाटलं, पण हात धजला नाही. दर वसंतात खुर्ची मी एकटीच धुते, आणि दर वेळी तुझ्या आठवणीनं जीव कासावीस होतो. लिहून टाकलं बाई एकदाचं.

गिऱ्हाइकं पुष्कळ आली. कोपनहेगनचा एक व्यापारी म्हणाला, "गडद तेल चोपडलं की दुप्पट भाव येईल." त्याला कॉफीसुद्धा न विचारता वाटेला लावलं. एक तरुण जोडपं मात्र गोड होतं. त्यांना काहीतरी थाप मारून परत पाठवलं.

काल एक मुलगी आली, टिल्डे नावाची. आधी बसली नाही. खुर्चीच्या पांढुरक्या हातांवरून तळवा फिरवून म्हणाली, "अय्या, साबण! आमचे आजोबापण साबणच लावतात. तेलाचं नाव काढलं की अंगावर धावून येतात!" मी विचारलं, कोण गं तुझे आजोबा? पोरगी लाजून लाल झाली. "नाव सांगायचं नाही असं बजावलंय. म्हणाले, मागतील ते दे, पण घेऊन ये." आणि तुझ्यासारखाच डावा पाय दुमडून खुर्चीत बसली. मी खिडकीकडे तोंड करून डोळे पुसले.

तिला मी कॉफी दिली, केक दिला, खुर्ची दिली नाही. तिच्यावर रागावू नकोस. आता खरं सांगते. नवी खोली मी मोजून पाहिलीय, खुर्ची मजेत मावते. तू पेपर शेवटच्या पानावरून, जाहिरातींपासून वाचतोस, म्हणून तर ती दिली होती. पण स्वतः यायचं सोडून नातीला पाठवशील असं वाटलं नव्हतं, भित्र्या! खुर्ची विकायची नाहीये, एस्किल. तू येऊन तिच्यात बस, एवढंच मागणं आहे. यंदा ती अजून धुतलेली नाही. साबण आणून ठेवलाय, आणि तुझ्यासाठी तेलाची बाटलीही. तू म्हणशील ते लावू.

अजून त्याच अंगणात,
तुझीच रॅग्ना