मॅडमसाठी दिलेला डबा

बाबा, तुमचा स्टीलचा डबा अजून माझ्याकडे आहे. झाकणाला पोचा आलाय, पण बसतं घट्ट. शारजातून दुबईत आलो तेव्हा सामान ट्रकनं आलं आणि हा डबा माझ्या मांडीवर. का, ते तुम्हाला सांगायचं राहून गेलं. तुम्हाला जाऊनही आता कितीतरी वर्षं झाली.

तुम्ही व्हिजिट व्हिसावर आलात तेव्हा नात सव्वा वर्षाची होती. आईच्या माघारी तुम्ही एकटे, आणि मला दुबईचं ऑफिस गाठायला उजाडताच घर सोडावं लागे. तुम्हाला बोलावलं ते खरं तर माझ्याच सोयीसाठी. जन्मभर एसटी स्टँडवर माइकवरून गाड्या पुकारलेला माणूस. तो आवाज दोन खोल्यांत मावणारा नव्हता. नर्सरीतून तिला दुपारी आणलं की बाल्कनीत कडेवर घेऊन तुम्ही खालचा ट्रॅफिक पुकारायचात. "लाल गाडी आली. कुठं निघाली?" मग थांबायचात. उत्तर येणारच अशा खात्रीनं थांबायचात. ती "अव्वा" असं काहीतरी म्हणाली की मान डोलवून म्हणायचात, "दुबईला? बरं बरं. सावकाश जा म्हणावं." मला हसू यायचं. एवढ्याशा पोरीशी कोणी अशी चर्चा करतं का?

तुमचा किल्लीचा खेळ आठवतो. किल्ली मुठीत धरायची, मूठ टॉवेलखाली न्यायची, किल्ली तिथंच सोडायची आणि रिकामी मूठ तिच्यापुढं उघडायची. सुरुवातीला ती तुमची बोटंच उलटीपालटी करून बघायची. मग एक दिवस मुठीकडे तिनं ढुंकूनही पाहिलं नाही, सरळ टॉवेल ओढला. तुम्ही मला फोन करून कळवलंत. मी मीटिंगमध्ये होते, "छान" म्हणून ठेवून दिला.

माझं लक्ष एकाच गोष्टीकडे होतं. पोरगी बोलत नव्हती. वरच्या मजल्यावरचा तिच्याएवढाच मुलगा 'बाय-बाय' म्हणायचा, 'थँक्यू' म्हणायचा. एका संध्याकाळी भरल्या लिफ्टमध्ये तुम्ही खणखणीत आवाजात तिला विचारलंत, "बाईसाहेब, कितव्या मजल्यावर उतरणार?" आणि सवयीप्रमाणे थांबलात. सगळे वळून बघायला लागले. त्या मुलाची आई मला म्हणाली, "अभी तक बोलती नहीं? घर में सिर्फ इंग्लिश रखो, बच्चे कन्फ्यूज हो जाते हैं." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरात शिरताच मी तुम्हाला म्हटलं, "बाबा, नर्सरीच्या मॅडमनी सांगितलंय. तिच्याशी मराठी नाही बोलायचं. ओन्ली इंग्लिश."

"मला कुठं इंग्रजी बोलता येतं?"

"मग थोडे दिवस गप्प राहा ना, प्लीज."

तुम्ही गप्प राहिलात. मास्तरांचा शब्द तुम्ही कधीच मोडला नव्हता. घर इतकं शांत झालं की एसीची घरघर ऐकू यायला लागली. संध्याकाळी मी चित्रांची कार्डं घेऊन बसायचे. "से ॲपल. ॲ-पल." ती माझ्या तोंडाकडे बघायची, मग तुमच्याकडे, आणि खुशाल कार्ड चघळायची. माझी काळजी वाढतच गेली. डॉक्टरांची अपॉइंटमेंटही घेतली.

आणि मग तो गुरुवार. तेव्हा इथं सुट्टी शुक्रवारी, म्हणून ऑफिस अर्ध्या दिवसाचं, रस्ताही मोकळा मिळाला. मी दाराशी पर्समध्ये किल्ली शोधतेय आणि आतून तुमचा आवाज येतो, "किल्ली कुठं गेली?" मग शांतता. तुमचं ते थांबणं. आणि मग एक बारीक आवाज, मी आजवर कधीच न ऐकलेला. "गेयी." पुन्हा शांतता. "आबा, दे."

मी भिंतीला टेकून उभी राहिले. ती आणखी काय काय बोलते ते ऐकत राहिले. डोळ्यांतलं पाणी पुसलं आणि दार उघडलं, तर आत चिडीचूप. तुम्ही चोरी पकडल्यासारखे ताठ उभे. आणि सोफ्याला धरून उभी असलेली ती, ओठांवर बोट ठेवून माझ्याकडे बघतेय.

कुणापुढं बोलायचं आणि कुणापुढं नाही, हेसुद्धा तिला कळत होतं. आणि मी तिला कधी कळायला लागणार म्हणून झुरत होते! मी चपलांसकट खाली बसले आणि पोट दुखेपर्यंत हसले.

"बोला बाबा," मी म्हटलं, "हवं तेवढं बोला."

"आणि मॅडम?"

"मॅडमचं मी बघते."

निघायच्या आदल्या दिवशी तुम्ही रव्याचे लाडू वळलेत, आई गेल्यावर शिकलेले, एकही गोल नसलेले. डबा माझ्या हातात देऊन म्हणालात, "मॅडमना दे. म्हणावं, आजोबांनी नियम मोडला, राग मानू नका. पण पोरगी बोलायला लागली."

आता तुमची नात माझ्याशी इंग्रजीत वाद घालते. पण कधी मराठीत विचारते, "आई, कशी आहेस?" आणि थांबते. मी "मजेत" म्हटलं तरी थांबूनच राहते, खरं उत्तर येईपर्यंत. ही सवय कुठून आली ते मला ठाऊक आहे, आणि त्याचं मला फार सुख आहे.

तर बाबा, तो डबा मॅडमपर्यंत पोचलाच नाही. त्या बिचाऱ्या तसं कधी काही म्हणाल्याच नव्हत्या. नियम माझा होता, लिफ्टमधल्या लाजेपोटी त्यांच्या नावावर खपवलेला. लाडू आम्ही मायलेकींनीच संपवले. पुढच्या शुक्रवारी तुमचा फोन आला. "मॅडम काय म्हणाल्या गं?" तुम्ही विचारलंत आणि थांबलात.

मी म्हटलं, "त्यांनी माफ केलं, बाबा."